कॅलिफोर्नियातलं सांता क्रूझ: पहिल्यांदा सर्फिंग करणाऱ्यांसाठी, आणि बरोबर आलेल्यांसाठीही

सांता क्रूझला जायचं ठरलं की आपण आधी हॉटेल बघतो, मग हवामान आणि शेवटी नकाशा. माझा आग्रह असा की सगळ्यात आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक उघडा. साठेक हजार वस्तीचं हे गाव पाण्याच्या वेळेने चालतं. ज्या किनाऱ्यावर सकाळी आठला नवशिके आरामात उभे राहत असतात, तिथेच दुपारी एकला भरतीचं पाणी कड्याला टेकलेलं असतं आणि लाट नावापुरतीच उरते. त्यामुळे या लेखात स्थळांची यादी कमी आहे. काय कधी करायचं आणि का, हे जास्त आहे.

हे गाव सर्फिंगचं का झालं

मॉन्टेरे उपसागराच्या उत्तर टोकाला सांता क्रूझ वसलंय. कॅलिफोर्नियाचा बहुतेक किनारा पश्चिमेला तोंड करून उभा आहे, पण इथे तो वळतो आणि गावाचं तोंड दक्षिणेकडे होतं. वायव्येकडून आलेली लाट टोकाला वळसा घालून आत शिरते, आणि वळताना तिचा अस्ताव्यस्तपणा कमी होतो. वायव्येचा वाराही कड्यांमुळे बराचसा अडतो. त्यात पाण्याखाली केल्पची, म्हणजे उंच वाढणाऱ्या समुद्री शेवाळाची, जंगलं आहेत. ती पृष्ठभागावरची बारीक खळबळ दाबून टाकतात. म्हणून इथली लाट एका कडेपासून क्रमाने फुटत जाते आणि तिच्यावर लांबवर सरकत जाता येतं.

1885 मध्ये हवाईच्या राजघराण्यातले तीन तरुण, डेव्हिड कवानानाकोआ, एडवर्ड केलिइआहोनुई आणि जोना कुहिओ, सॅन मतेओच्या लष्करी शाळेत शिकत होते. त्यांनी इथल्याच रेडवुडच्या लाकडापासून फळ्या करून घेतल्या आणि सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटांवर स्वार झाले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या सर्फिंगची ही सर्वांत जुनी नोंद मानली जाते. 1959 मध्ये जॅक ओ'नील यांनी आपलं सर्फचं दुकान सॅन फ्रान्सिस्कोहून इथे हलवलं. आज आपण जो वेटसूट भाड्याने घेतो, तो घराघरांत पोचवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. थंड पाण्यात तासन्‌तास राहता येऊ लागलं, तेव्हाच हे गाव बारमाही सर्फिंगचं झालं.

पहिली पायरी: महिना

शक्य असेल तर सप्टेंबर किंवा ऑक्टोबर. आकाश स्वच्छ, पाणी त्यातल्या त्यात उबदार, लाटा मध्यम, आणि शाळा सुरू झाल्याने गर्दी ओसरलेली.

जून-जुलैत लोक उन्हाळा म्हणून येतात आणि धुक्यात सापडतात. आतल्या खोऱ्यात कडक ऊन असतं तेव्हा किनाऱ्यावर सकाळभर राखाडी छत असतं. दुपारी ते बहुतेकदा विरतं, कधीकधी विरतच नाही. शिकणाऱ्यांसाठी तरीही हा काळ चांगला, कारण लाटा लहान असतात. फक्त जाड स्वेटर गाडीत ठेवा.

डिसेंबर ते फेब्रुवारी हा मोठ्या लाटांचा हंगाम. उत्तर प्रशांत महासागरातली वादळं लाटा पाठवतात. त्या बघायला जरूर जा, पण पहिल्यांदा शिकायला नको. जानेवारी 2023 च्या वादळांनी वेस्ट क्लिफ ड्राइव्हचा रस्ता काही ठिकाणी खचवला, आणि डिसेंबर 2024 मध्ये लाटांनी इथल्या व्हार्फचं, म्हणजे समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्याचं, टोकच तोडून नेलं. वसंतात वारा जोरात असतो आणि गंमत म्हणजे पाणी तेव्हाच सर्वांत गार, कारण वाऱ्यामुळे पृष्ठभागावरचं पाणी बाहेर ढकललं जातं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं.

वर्षभराचं पाण्याचं तापमान ढोबळमानाने 52 ते 60 फॅरनहाइट, म्हणजे 11 ते 16 सेल्सिअस. वेटसूटशिवाय पाच मिनिटंही मजा येत नाही.

दुसरी पायरी: चार आकडे वाचायला शिका

सर्फच्या अंदाजाचं कुठलंही संकेतस्थळ किंवा अ‍ॅप उघडलं की आकड्यांचा भडिमार होतो. नवशिक्याला चारच लागतात.

लाटांची उंची फुटांत असते. पहिल्या दिवशी 2 ते 3 फूट पुरे. 4 च्या वर गेली तर बेत पुढे ढकला किंवा फक्त किनाऱ्याजवळच्या फेसात खेळा.

दुसरा आकडा सेकंदांत, म्हणजे दोन लाटांमधलं अंतर. उंचीपेक्षा हा जास्त सांगतो. 3 फूट आणि 8 सेकंद असेल तर ती जवळपासच्या वाऱ्याने उठवलेली, विस्कटलेली लाट. तेच 3 फूट आणि 16 सेकंद असेल तर ती लांबच्या वादळातून आलेली. खोलवर ताकद घेऊन आलेली ही लाट किनाऱ्याशी अचानक उंच होते. कागदावर उंची सारखीच, पण पाण्यात फरक मोठा.

तिसरी दिशा. हिवाळ्यात लाटा वायव्य आणि पश्चिमेकडून येतात, उन्हाळ्यात बऱ्याचदा दक्षिणेकडून. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा असतो आणि तिथल्या वादळांच्या लाटा हजारो मैल कापून इथे पोचतात. दक्षिणेची लाट सांता क्रूझला थेट भिडते, वायव्येची वळून येते. म्हणून उंची तितकीच असली तरी कुठल्या किनाऱ्यावर किती लाट लागेल हे दिशेवर ठरतं.

चौथी भरती-ओहोटी. इथे दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात, पण त्या सारख्या नसतात. एक भरती मोठी, एक लहान, ओहोटीचंही तसंच. आकडा उणे दिसला तर गोंधळू नका. सरासरी नीच ओहोटीची पातळी शून्य धरतात आणि पाणी त्याही खाली गेलं की उणे लिहितात. शिकण्याची जागा म्हणजे काउल्स बीच. तिथे ओहोटीपासून अर्ध्या भरतीपर्यंतचा वेळ चांगला. त्यातही सकाळचा, कारण अकरा-बारानंतर वारा सुटतो.

एवढं जुळलं की त्या दोन-तीन तासांभोवती बाकीचा दिवस बसवायचा.

तिसरी पायरी: पोचणं आणि गाडी लावणं

सॅन होजेहून हायवे 17 ने साधारण 30 मैल. डोंगरातला, वळणांचा, अरुंद रस्ता आहे आणि चालवणारे घाईत असतात. उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतर समुद्राकडे जाणारी रांग लागते आणि दुपारी चारनंतर परतीची. सकाळी सातला सांता क्रूझमध्ये असणं, हा यावरचा एकमेव उपाय मला माहीत आहे. सॅन फ्रान्सिस्कोहून येणार असाल आणि घाई नसेल तर हायवे 1 घ्या. अंतर जास्त पडतं, पण समुद्र जवळपास सगळी वाट सोबत असतो.

गाडी नसेल तर सॅन होजेच्या डिरिडॉन स्टेशनवरून हायवे 17 एक्सप्रेस बस आहे. गाव लहान आहे, किनारा सपाट आहे, सायकलवर सगळं होतं.

गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका. सर्फर्स पाण्यात आहेत म्हणजे तासभर परतणार नाहीत, हे चोरांनाही कळतं. किल्लीचा प्रश्नही आधी सोडवा. इलेक्ट्रॉनिक किल्ली खाऱ्या पाण्यात मरते. गाडीला लावायची छोटी आकड्यांची कुलूपपेटी मिळते, ती घ्या. किंवा बरोबर कुणी पाण्यात न उतरणारं असेल तर त्यांच्या खिशात द्या.

चौथी पायरी: आधी अर्धा तास फक्त बघा

थेट पाण्याकडे धावू नका. आधी वेस्ट क्लिफ ड्राइव्हवर, दीपगृहाशी जा. समुद्रालगत कड्यावरून जाणारी ही वाट अडीच-तीन मैलांची आहे. दीपगृहाखालचा भाग म्हणजे स्टीमर लेन, जगातल्या प्रसिद्ध सर्फ-जागांपैकी एक. कड्यावर उभं राहिलं की सर्फर्स इतके जवळून दिसतात की त्यांचे आवाज ऐकू येतात. पैसे न देता इतकं चांगलं आसन दुसरीकडे क्वचितच मिळेल.

बघताना तीन गोष्टी शोधा. लाटा एकेक येत नाहीत, चार-सहाच्या गटाने येतात आणि मध्ये शांतता असते. ती शांतता किती मिनिटांची आहे ते मोजा. दुसरं, लाट पहिल्यांदा कुठे फुटते आणि मग कुठल्या बाजूला सरकत जाते ते बघा. इथल्या लाटा सर्फरच्या उजवीकडे फुटत जातात. तिसरं, बाहेर जाणारे लोक कुठून जातात. ते फुटणाऱ्या लाटेतून जात नाहीत, बाजूने वळसा घेतात.

स्टीमर लेनमध्ये स्वतः उतरू नका. खाली खडक आहेत, वर तयार लोकांची गर्दी आहे, आणि नवशिक्याने तिथे मध्ये येणं कुणालाच आवडत नाही. हे सौम्यपणे सांगतोय. पाण्यात सौम्यपणे सांगितलं जाईलच असं नाही.

दीपगृहाच्या आत छोटंसं सर्फिंग संग्रहालय आहे. 1965 मध्ये मार्क अ‍ॅबट हा तरुण इथे बुडाला. त्याच्या आईवडिलांनी त्याच्या स्मरणार्थ ही विटांची इमारत बांधून दिली आणि 1986 मध्ये तिच्यात संग्रहालय सुरू झालं. जड लाकडी फळ्यांपासून आजच्या हलक्या बोर्डपर्यंतचा प्रवास एका खोलीत दिसतो. शार्कने चावलेला बोर्डही आहे. मुलं बराच वेळ तिथेच रेंगाळतात.

पाचवी पायरी: शिकवणी, बोर्ड आणि वेटसूट

पहिल्यांदा जाताना शिकवणी घ्या. यूट्यूबवर पाहून उभं राहणं जमेल कदाचित, पण पाण्याची जागा वाचणं आणि दुसऱ्याच्या वाटेत न येणं माणसाकडूनच शिकता येतं. गटाची शिकवणी साधारण दोन तासांची असते, बोर्ड आणि वेटसूट बहुतेकदा त्यातच येतात. नोंदणी करताना एकच विचारा: एका शिक्षकामागे किती जण? चारपेक्षा जास्त असतील तर दुसरी जागा बघा.

बोर्ड मोठा आणि मऊ घ्या. मोठ्या माणसाला 8 ते 9 फुटी सॉफ्टटॉप. दुकानात देखणे छोटे बोर्ड दिसतील, त्यांच्याकडे दुर्लक्ष करा. बोर्ड जितका लांब-रुंद तितका स्थिर, आणि तितकी लाट लवकर पकडतो.

वेटसूट 4/3 चा मागा, म्हणजे धडाला 4 मिलिमीटर, हातापायांना 3. सूट पाणी अडवत नाही. पाण्याचा पातळ थर आत घेतो आणि शरीर तो तापवतं. म्हणून तो अंगाला चिकटून बसला पाहिजे. काखेत किंवा पाठीशी पोकळी राहिली तर दर लाटेला गार पाणी आत धावतं. घालताना कोरडे असतानाच घाला, घोट्यापासून थोडं थोडं वर सरकवत न्या, नखांनी ओढू नका, फाटतो. चेन (झिप) पाठीला असते, तिची लांब दोरी खांद्यावरून ओढायची. आत पोहण्याचे कपडे पुरेत, सुती टीशर्ट नको. बुटांबद्दल मतं वेगळी आहेत. माझं मत, पहिल्या दिवशी घ्या. पाय बधिर झाले की तोल जाणवत नाही, आणि काउल्सला कड्याजवळ गोटे आहेत.

चष्मा असेल तर हे आधी ठरवा. चष्मा घालून उतरता येत नाही, आणि पडताना डोळे घट्ट मिटायची सवय नसेल तर कॉन्टॅक्ट लेन्स वाहून जातात. नंबर फार नसेल तर तसंच उतरा. लाट चष्म्याशिवायही दिसते.

सहावी पायरी: वाळूवर

घोट्याला बांधायची दोरी म्हणजे लीश. ती मागच्या पायाला बांधतात. मागचा पाय कोणता हे कळायला कुणाला तरी पाठीतून हलकंसं ढकलायला सांगा. जो पाय आपोआप पुढे पडेल तो पुढचा.

मग वाळूवर बोर्ड ठेवून उभं राहण्याचा सराव करा. दहा-पंधरा वेळा तरी. क्रम असा:

1. पोटावर झोपा, पायांची बोटं बोर्डच्या शेपटीकडे. छाती वर, नजर समोर.
2. तळवे बरगड्यांशेजारी बोर्डवर सपाट. कडा पकडू नका, पकडलीत की बोर्ड उलटतो.
3. हात सरळ करत धड वर उचला आणि त्याच झटक्यात दोन्ही पाय खाली आणा. पुढचा पाय बोर्डच्या मध्यावर, मागचा खांद्याएवढ्या अंतरावर मागे.
4. गुडघे वाकवा, कंबरेत नको. हात सैल. नजर किनाऱ्यावरच्या एखाद्या इमारतीवर.

गुडघ्यावर थांबून मग उभं राहायची सवय लावू नका. आज सोपं वाटतं, पण पुढच्या वेळी तीच सवय मोडत बसावी लागते. आणि पायांकडे बघायचा मोह आवरा. नजर खाली गेली की माणूसही खाली जातो.

सातवी पायरी: पाण्यात

काउल्सला व्हार्फच्या पश्चिमेला, हॉटेलच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरता येतं. बोर्ड शरीराच्या बाजूला धरा, स्वतःच्या आणि लाटेच्या मध्ये कधीच नाही. लाट बोर्डला धडकली की बोर्ड तुमच्या तोंडावर येतो.

कमरेएवढ्या पाण्यात थांबा. सुरुवातीला न फुटलेल्या हिरव्या लाटेच्या मागे लागू नका, फुटून आलेला पांढरा फेस पुरेसा आहे. बोर्डचं नाक सरळ किनाऱ्याकडे करा. फेस दहा-पंधरा फुटांवर आला की झोपा आणि हाताने वल्हवायला लागा. बोटं जुळवून, खोल, लांब हात मारा. फेस शेपटीला लागला की बोर्ड उचलल्यासारखा होतो. तिथे थांबायचं नाही, आणखी दोन हात मारायचे आणि मग उभं राहायचं.

बोर्डचं नाक पाण्यात घुसत असेल तर तुम्ही फार पुढे झोपला आहात. नाक आकाशाकडे असेल आणि लाट खालून निघून जात असेल तर फार मागे. दोन-तीन इंचांचा फरक असतो. नाक पाण्याच्या जेमतेम वर दिसलं पाहिजे.

पडणं हाही सरावाचा भाग. पाणी उथळ आहे, म्हणून डोकं खाली करून सूर मारू नका. पाठीवर किंवा कुशीवर, पसरून, बोर्डपासून लांब पडा. वर येताना आधी हात डोक्यावर घ्या आणि मग डोकं बाहेर काढा. लीशच्या सुरुवातीच्या काळात, 1971 मध्ये, ताणलेल्या लीशने बोर्ड परत उसळून आला आणि खुद्द जॅक ओ'नील यांचा डावा डोळा गेला. लीश त्यांचा मुलगा पॅटने रूढ केली होती. वडील पुढे काळी डोळापट्टी लावूनच वावरले. आजची लीश तेव्हापेक्षा सुधारलेली आहे, पण हात डोक्यावर घ्यायचा नियम तोच.

तास-दीड तासात दंड भरून येतात. थरथर सुरू झाली, बोटं नीट मिटेनाशी झाली, की "अजून एकच लाट" म्हणू नका. बाहेर या.

लाटेवर हक्क कुणाचा

या गावात लोक शतकभराहून जास्त काळ लाटा वाटून घेत आले आहेत. 2012 पासून सात मैलांचा हा किनारा जागतिक सर्फिंग राखीव क्षेत्र म्हणून ओळखला जातो. नियम लिहिलेले असोत-नसोत, पाळले जातात.

लाट जिथे आधी फुटते त्या जागेच्या सर्वांत जवळ जो, लाट त्याची. तो उभा राहिला की त्याच्या पुढ्यात आपण उतरायचं नाही. बाहेर जाताना वळसा घालून जा. वेळच आली आणि कुणी समोरून येत असेल, तर त्याच्या पुढून पळ काढण्याऐवजी फेसाच्या बाजूला जा, भले तडाखा बसो. बोर्ड सोडून पाण्याखाली डुबकी मारू नका, मागच्या माणसाला तो लागतो. चूक झालीच तर हात वर करून "सॉरी" म्हणा. बहुतेक वेळा प्रकरण तिथेच मिटतं.

पुढे कधी काउल्स सोपं वाटायला लागलं, तर गावाच्या पूर्वेला प्लेझर पॉइंटचा टापू आहे. तिथे लहान लाटांच्या दिवशी, लांब बोर्डवर, आतल्या बाजूला जागा मिळते. पण हिरव्या लाटेवर दिशा बदलता येत असेल तरच.

पाण्याला कधी नाही म्हणायचं

पाऊस पडून गेल्यावर 72 तास उतरू नका. सॅन लोरेन्झो नदी आणि गावातले नाले सगळं धुऊन समुद्रात आणतात, आणि कान-पोटाचे आजार होतात. स्थानिक आरोग्य विभागाचाही सल्ला हाच आहे.

समुद्राकडे खेचणारा प्रवाह लागला, तर त्याच्याविरुद्ध लढू नका. बोर्ड सोडू नका, तो तरंगतोय तोवर तुम्हीही तरंगता. किनाऱ्याला समांतर वल्हवत बाजूला व्हा, मग आत या. जमत नसेल तर बोर्डवर बसा आणि एक हात उंच हलवा.

मला जास्त काळजी न उतरणाऱ्यांची वाटते. गावाच्या उत्तरेच्या उघड्या किनाऱ्यांवर, विशेषतः हिवाळ्यात, बराच वेळ शांत असलेला समुद्र एकदम मोठी लाट पाठवतो आणि ती आधीच्या ओल्या रेषेच्या खूप वर येते. खडकावर पाठ करून फोटो काढणारे तिच्यात सापडतात. लहान मुलांचा हात सोडू नका आणि समुद्राकडे पाठ करू नका. कड्यांच्या काठाची माती भुसभुशीत असते, कुंपण ओलांडू नका. मदतीसाठी 911.

सी ऑटर, म्हणजे समुद्री पाणमांजर, दिसला तर आनंद आहेच, पण जवळ जाऊ नका. 2023 च्या उन्हाळ्यात 841 क्रमांकाची एक मादी स्टीमर लेनपाशी सर्फर्सच्या बोर्डवर चढून बसायची, बोर्डचे लचके तोडायची. अधिकाऱ्यांनी तिला पकडायचे प्रयत्न केले, तिने दाद दिली नाही, आणि त्याच वर्षी ती पिल्लासह दिसली. गावाने तिला डोक्यावर घेतलं. तरी दात ते दातच.

जे उतरणार नाहीत त्यांच्यासाठी

पाण्याचे दोन-तीन तास झाले की दिवस उरतोच, आणि बरोबरचे कंटाळलेले असतात. खरं तर ज्यांना पाण्यात अजिबात रस नाही, त्यांच्यासाठीही मी सांता क्रूझच सुचवेन, कारण समुद्रापासून अर्ध्या तासात रेडवुडचं जंगल आहे.

आईबाबा भारतातून आले असतील तर फेल्टनजवळचं हेन्‍री काउल रेडवुड्स. तिथली जुन्या झाडांची फेरी पाऊण मैलाहून थोडी जास्त, पूर्ण सपाट आहे. व्हीलचेअर, बाबागाडी सगळं जातं. सर्वांत उंच झाड 277 फुटांच्या आसपास. शेजारीच रोअरिंग कॅम्पची वाफेच्या इंजिनाची गाडी डोंगरावर जाते, तिची तिकिटं आधी काढा. चालणाऱ्यांना बिग बेसिन आठवेल. 1902 चं हे कॅलिफोर्नियाचं पहिलं राज्य उद्यान ऑगस्ट 2020 च्या वणव्यात जवळपास पूर्ण जळलं. आता अंशतः खुलं आहे. काळ्या खोडांवर फुटलेली हिरवी पालवी बघण्यासारखी आहे, पण सावली शोधत असाल तर तिकडे नको.

जंगलात पायवाट सोडू नका. पॉइझन ओक सगळीकडे आहे: एका देठाला तीन पानं, शरदात लाल. छान दिसतं म्हणून मुलं तोडतात. त्याचं तेल कातडीला लागलं की आठवडाभर खाज.

नॅचरल ब्रिजेस किनाऱ्याला नाव अनेकवचनी असलं तरी तीन कमानींपैकी आता एकच उरली आहे. कमानीसाठी जाऊ नका. ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत मागच्या निलगिरीच्या बनात मोनार्क फुलपाखरं मुक्काम करतात, त्यांच्यासाठी जा. गारठ्यात ती पंख मिटून, वाळक्या पानांसारखी लटकलेली असतात आणि तुम्हाला वाटतं काहीच नाही. ऊन पडून हवा जरा तापली की सगळं झाड उडतं, म्हणून इथे दुपारी जायचं. त्याच किनाऱ्याच्या खडकांतली समुद्रफुलं आणि तारामासे बघायला मात्र नीच ओहोटी हवी. ती हिवाळ्यात दुपारी येते आणि वसंत-उन्हाळ्यात पहाटे, त्यामुळे नोव्हेंबर-डिसेंबरच्या एखाद्या दुपारी दोन्ही साधतं. प्राण्यांना उचलू नका, खडकावर पाय ठेवताना काय चिरडतोय ते बघा.

सायकलसाठी वाइल्डर रँच. कड्याच्या काठाने जाणारी वाट जवळजवळ सपाट आहे, खाली खाडीत सील पहुडलेले दिसतात. डोंगराकडच्या वाटा माउंटन बाइकवाल्यांच्या.

15 डिसेंबर ते 31 मार्च या काळात आलात तर उत्तरेला वीसेक मैलांवर अन्यो न्वेव्होला एलिफंट सील बघा. या दिवसांत मार्गदर्शकाबरोबरच जाता येतं, आरक्षण लागतं आणि वाळूतून तीन मैल चालावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांना आधी सांगून ठेवा.

बोर्डवॉक, म्हणजे किनाऱ्यावरचं मनोरंजन उद्यान, 1907 चा आहे आणि त्यावरचा जायंट डिपर हा लाकडी रोलरकोस्टर 1924 चा. आत जायला पैसे नाहीत, खेळांना आहेत. संध्याकाळी जा. मिस्ट्री स्पॉट, म्हणजे दृष्टिभ्रमाच्या गमतींची जागा, मुलांचा हट्ट असेल तरच.

भूकंपात रस असेल तर ॲप्टॉसजवळचं निसेन मार्क्सचं जंगल. 17 ऑक्टोबर 1989 च्या 6.9 तीव्रतेच्या लोमा प्रिएटा भूकंपाचं केंद्र तिथे होतं, पायवाटेवर खूण आहे. बघायला म्हणाल तर झाडं आणि ओढा. त्या दिवशी सांता क्रूझचा जुना बाजार, पॅसिफिक अ‍ॅव्हेन्यू, कोसळला होता. आजच्या तिथल्या बऱ्याच इमारती त्यानंतरच्या आहेत.

दुसरा दिवस हाताशी असेल तर तो कयाकला द्या. दक्षिणेला मॉस लँडिंगला एल्कहॉर्न स्लू ही खाडी आहे. पाणी शांत, पोहता न येणाऱ्यांनाही लाइफ जॅकेट घालून दोघांच्या कयाकमध्ये जमतं, आणि सी ऑटर इथे हमखास दिसतात. पाच कयाकांएवढं, म्हणजे 60 फूट अंतर ठेवा. ऑटर मान उंचावून तुमच्याकडे बघायला लागला तर तुम्ही जास्त जवळ आला आहात. सकाळी आठ-नऊला पाण्यात उतरा, कारण दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि परतताना तो तोंडावर असतो. ओहोटीची वेळ इथेही बघा. बाहेर जाणारं पाणी आणि समोरचा वारा एकमेकांना भिडले की खाडी खवळते, त्यामुळे ओहोटीला जोर चढण्याआधी कयाक परत धक्क्याला लागलेली बरी.